रागिणीचा हौशी गटातला मुक्काम

देविदास खांबावर होता आणि रागिणी खांबाखाली. ओळख व्हायला यापेक्षा सोयीच्या जागा असतात, पण त्या रविवारी दोघांना एवढीच मिळाली.

मध्ये एक पिवळी थाळी होती. जेवायची नव्हे, फेकायची, प्लास्टिकची. रागिणीच्या हातून सुटलेली ती थाळी वाऱ्यावर जरा जास्तच रेंगाळली आणि विजेच्या खांबाच्या आडव्या पट्टीवर, थेट देविदासच्या कोपराशी जाऊन बसली.

"ओ वायरमन... तेवढी थाळी टाका ना खाली."

देविदासनं खाली पाहिलं. निळा ड्रेस, डोक्याला घट्ट बांधलेली ओढणी, कमरेवर हात.

"तुमचीच हाय कशावरून?"

"इतक्या वर दुसऱ्या कुणाची जात न्हाई."

"लाईन बंद केलेली हाय म्हणून बरं. चालू असती म्हंजे?"

"म्हंजे तुमी वर नसता. मग मी कुणाला कशाला मागितली असती?"

देविदासनं थाळी उचलली आणि जिकडे फेकायची त्याच्या बरोबर उलट्या दिशेला फेकली. ती नामाजींच्या मेंढरांत जाऊन पडली. नामाजी म्हणजे रागिणीचे वडील. त्यांनी थाळीकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं, मग तंबाखू मळायला घेतली. पुढच्या रविवारी देविदास नवे बूट घालून खेळायला हजर होता.

खेळाचं नाव डिस्क गोल्फ. औंढ्याजवळच्या त्या माळावर तो शिवहार सरांनी आणला. सर शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाले आणि घरच्यांना रांगेत उभं करायला लागले, तेव्हा घरच्यांनीच त्यांना माळ दाखवला. खेळ सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून थाळी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि लोखंडी दांड्याला टांगलेल्या साखळ्यांच्या झुबक्यात घालायची. ज्याला कमी फेकी लागल्या तो जिंकला. साखळ्या गावातूनच गोळा केल्या होत्या. ट्रॅक्टर आले, बैल गेले, साखळ्या तेवढ्या गोठ्यात लोंबकळत राहिल्या होत्या. त्यामुळे थाळी साखळीत शिरून खळ्ळकन आवाज झाला की अजूनही कडेला बसलेला एखादा म्हातारा गव्हाणीकडे निघतो.

गट दोन होते. सकाळी हौशी खेळत, संध्याकाळी पट्टीचे. हौशीतून पट्टीच्या गटात कधी जायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सर इतकंच सांगत, "जिंकताना घाम येईनासा झाला की उठा." जाणाऱ्याला हौशी मंडळी टॉवेल-टोपी देत, बाई असेल तर खण-नारळ, आणि जाणारा सगळ्यांना भजी खाऊ घाली. भजी खाल्ली गेली की परतीचा रस्ता बंद. वर गेलेल्यानं पुन्हा सकाळी खेळायला यायचं नाही. हा नियम मंडळींनीच केला होता. पूर्वी एक जण वर गेला आणि हरून महिन्याभरात परत आला. तेव्हा खाल्लेल्या भज्यांचं काय करायचं यावर बराच वाद झाला, तो मिटला नाही, म्हणून नियम झाला.

रागिणीला घाम येईनासा होऊन बरेच दिवस झाले होते. सेनगावच्या एका लॅबमध्ये ती लोकांचं रक्त काढायची, त्यामुळे हात स्थिर. लहानपणी ज्वारीच्या रानात माचावर उभी राहून तिनं पाखरांवर गोफण फिरवलेली, त्यामुळे खांदा तयार. नांदेडच्या स्पर्धेला फक्त पट्टीच्या गटातले जात, आणि आपण नांदेडला जाणार हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. दसऱ्यानंतर, म्हणजे खांबाच्या त्या प्रकारानंतर, ती ते सांगेनाशी झाली.

कारण हौशींच्या टोळीत आता तिच्या शेजारून देविदास चालत होता. बाजूच्या रानात तूर पिवळी फुललेली असायची. वारा बांधावरून सरळ अंगावर यायचा आणि ओढणीचं टोक देविदासच्या बाजूलाच का उडतं, हे वाऱ्यालाच माहीत.

"मनगट मोकळं सोडा, वायरमन. खांब धरल्यावानी काय धरता?"

"सवय हाय म्याडम. सोडलं की पडतो आमी."

तिनं त्याचं मनगट धरलं. धरलं म्हणजे लॅबमध्ये धरतात तसं. मग अंगठा जरा सरकवला.

"शीर चांगली हाय तुमची."

"असं आजवर कुणी म्हणलं न्हाई."

"सुई टोचायला सोपी, म्हणून म्हणलं."

"टोचा की..."

तिनं हात सोडला. लागतो त्यापेक्षा थोडा उशिरा सोडला, पण त्याची नोंद कोणी ठेवत नव्हतं.

दोघांना माळाशिवाय दुसरी जागा नव्हती. औंढ्यात दोघांनी एका टेबलावर चहा घेतला असता, तर कप विसळायच्या आत सेनगावात आणि तांड्यावरही कळलं असतं. देविदास तांड्यावरचा, रागिणी मेंढपाळांच्या घरातली; त्यामुळे कळलेलं तिथेच थांबलं नसतं. फोन नंबर होते. पण त्यांवरून सकाळी एक गुलाब जायचा आणि उलट एक सूर्योदय यायचा, तेवढ्यावर कोणाचं काय भागणार? माळावर मात्र थाळी शोधायच्या निमित्तानं माणूस कितीही वेळ बोरीच्या झुडपामागे असू शकतो. आणि देविदासच्या थाळ्या फार हरवत.

सगळं असंच चाललं असतं, पण पारुबाई होत्या. पारुबाई लुगड्याचा काचा मारून खेळत आणि दर रविवारी रागिणीमागे दुसऱ्या नंबरावर येत. दुसऱ्या येण्याला त्यांचा विरोध नव्हता. कायमचं दुसरं येण्याला होता.

"रागिणे, लेकरू धाव्वी पास झालं तरी पहिलीच्या बाकावर बसून राहिलं, अन् पहिला नंबर आला म्हणून नाचून राहिलं. काय म्हणावं त्याला?"

"कोपर दुखून राहिला ना मावशी. बरा झाला की जाते."

"दुखऱ्या कोपरानं दर आठवड्याला जिंकती? मग मलाबी दुखणं दे थोडं."

मंडळी हसली. देविदासही हसला, पण शेवटी हसला आणि लवकर थांबला.

रागिणी विचारी मुलगी. दुखणारा कोपर जिंकत असेल तर संशय येणारच, हे तिला पटलं. पुढच्या रविवारी कोपर दुखला. थाळ्या बांधापलीकडे गेल्या, एक तर नामाजींच्या थोरल्या मेंढ्याच्या पाठीवर बसून ओढ्यापर्यंत गेली. शेवटच्या साखळीशी तर अशी वेळ आली की नुसता हात लांब करून थाळी आत ठेवली असती तरी चाललं असतं. तिनं ती बाजूला टाकली. पारुबाईंचाही त्या दिवशी वाऱ्यानं घात केला होता. देविदासची थाळी दांड्यावर आपटून, कशीबशी, साखळीत पडली.

देविदास जिंकला.

तो नाचला. सरांच्या पाया पडला, पारुबाईंच्या पडला, चुकून एका गाठीभेटीला आलेल्या पाहुण्याच्याही पडला. मग रागिणीची थाळी उचलून द्यायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. थाळी साखळीपासून वीतभर अंतरावर पडली होती. रक्ताची बारीक शीर एका झटक्यात शोधणाऱ्या मुलीची थाळी.

तो तिच्याजवळ गेला. ती पळसाखाली ओढणीची गाठ सोडत होती.

"चुकवली तुमी. काहून?"

"वारा होता."

"वारा तुमच्या पाठीवर होता."

"डोळ्यांवर ऊन आलं."

"ऊन पण पाठीवरच होतं."

"तुमी खेळ बघत होते का मला?"

"दोन्ही एकाच बाजूला होते..."

ती हसली नाही. नेहमी हसली असती.

"जिंकल्याचं वाईट वाटून राहिलं का तुमाला?"

"व्हय. सारखं नांदेड-नांदेड करायच्या तुमी. आता नाव काढत न्हाई."

"नांदेड कुठं पळून चाललं?"

"अन् मी कुठं पळून चाललो?"

दूर मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्या वाजत होत्या. ओढणीची गाठ सुटून झाली होती, तरी ती सोडतच होती.

"नांदेडवाले संध्याकाळी खेळतात," ती शेवटी म्हणाली, "अन् तुमी... सकाळी असता."

एवढं बोलून ती निघाली. देविदास तिथेच उभा राहिला, थाळी हातात. ती द्यायची राहून गेली होती.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधीच देविदासनं हात वर केला.

"सर, मी वर जातो. पट्टीच्या गटात."

पारुबाईंनी तोंडाला पदर लावला.

"अरे बाबा, एकदाच जिंकला तू. तेबी दांड्याच्या मेहेरबानीनं."

"म्हणूनच जातो मावशी. पुन्हा जिंकायचा भरवसा न्हाई."

सरांनी चष्मा पुसला. "तिथं दर खेपेला शेवटचा येशील. अन् खाली यायचं न्हाई, माहीत हाय ना?"

"माहीत हाय सर. भजी सांगून ठेवलीत."

भजी सांगितली म्हटल्यावर चर्चेला काही अर्थ उरला नाही. त्याला टॉवेल-टोपी झाली. टोपी लहान होती, ती त्यानं डोक्यावर तशीच ठेवली. रागिणीनं भजी खाल्ली, पण मिरचीची निवडून खाल्ली, आणि कागद त्याच्या हातात परत देताना हळूच म्हणाली, "मला विचारलं का?"

"चुकवताना तुमी विचारलं होतं का?"

ती थांबली होती त्याच्यासाठी. आणि तिला थांबायचं कारण उरू नये म्हणून तो गेला होता. दोघांचाही हिशेब बरोबर होता. फक्त एकमेकांना दाखवायचा राहिला होता.

देविदास संध्याकाळी खेळला आणि शेवटचा आला. साधा शेवटचा नव्हे, सगळ्यांचं सामान आवरून झाल्यावर शेवटचा. पट्टीच्या गटातले म्हणाले की असा मनापासून हरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता.

आता रागिणीनं लगेच वर जावं, असं कोणालाही वाटेल. ती गेली नाही. सकाळ तेवढी तिच्या हाती उरली होती आणि त्या सकाळीत आता काहीच नव्हतं. तरीही पुढच्या रविवारी सकाळी ती आली, आणि कोपर पूर्ण बरा असल्यासारखी खेळली. दर थाळी सरळ, खाली, वाऱ्याच्या पोटातून. साखळ्या अशा वाजल्या की कडेचे सगळेच म्हातारे उठून उभे राहिले.

पारुबाई दुसऱ्या आल्या. त्यांनी घाम पुसला.

"आता तरी जा गं बये. काहून थांबली?"

"लोक म्हणतील, त्याच्या मागं गेली."

"म्हणू दे. खरंच हाय ते." पारुबाईंनी पिशवीतून खण काढला. तो बरेच दिवस पिशवीतच असावा, घड्या पक्क्या बसल्या होत्या. "पण तो हरायला गेला, तू जिंकून चालली. मागं कोण अन् पुढं कोण, ते माळावर दिसंलच."

रागिणीनं पदर नव्हता म्हणून ओढणी पसरली. खण-नारळ घेतला. भजी नामाजींनी दिली. न सांगता, आणि मिरचीची जास्त.

त्या संध्याकाळी ती पट्टीच्या गटात पहिल्यांदा खेळली आणि मधेच कुठेतरी आली. तिला घाम आला होता. ओढणीनं ती कपाळ पुसत होती आणि फार खुशीत होती. देविदास शेवटचा होता. शेवटच्या साखळीकडे जाताना दोघांची पावलं आपोआप एका चालीत पडली. उन्हं उतरली होती, कुठेतरी हुरड्याचा धूर सुटला होता.

"मी नांदेडसाठी वर आले," ती म्हणाली.

"व्हय."

"तुमच्यासाठी न्हाई."

"न्हाई ना..."

चार पावलं तशीच गेली.

"तुमच्यासाठी मी खाली राहिले होते."

देविदासची फेकायची वेळ झाली होती. हे ऐकून फेकू नये, थांबावं, असं शहाण्या माणसानं केलं असतं. त्यानं फेकली. थाळी साखळीवरून गेली, बांधावरून वळली, वर चढत राहिली आणि विजेच्या त्याच खांबाच्या आडव्या पट्टीवर जाऊन बसली.

दोघं खाली उभे राहून पाहत राहिले.

"काढा आता," ती म्हणाली.

"आता लाईन चालू हाय. रविवारी सकाळी बंद करून काढतो." त्यानं टोपी सारखी केली. "तुमी... याल का खाली उभं राहायला?"

"सकाळी? वर गेलेल्यांनी सकाळी यायचं न्हाई."

"खेळायला यायचं न्हाई."

रागिणी त्याच्याकडे बघत राहिली. नियम खेळण्याचा होता. नुसतं येऊन खांबाखाली उभं राहू नये, असं भजी खाताना कोणीच ठरवलं नव्हतं. हे आधीच दोघांच्या लक्षात आलं असतं, तर एक टॉवेल, एक टोपी आणि बरीचशी मिरची वाचली असती.

"किती वाजता येऊ?" तिनं विचारलं.

"लवकर या, रागिणी," तो म्हणाला. म्याडम म्हणायचं तो विसरला, आणि तिनं आठवण करून दिली नाही.