न ओलांडता

देवळाच्या अंगणात एक माणूस तिच्या आवाजाशी भांडत होता.

आधी तिला वाटलं, फोनवर बोलतोय. कानांवर हेडफोन, काखेत गुंडाळलेला नकाशा, पाय अनवाणी, आणि तोंडानं सारखं चालू. "नाही वळणार." मग जरा थांबून, "अहो बाई, इथे भिंत आहे!" मग स्वतःशीच हसत, "आवाज गोड आहे म्हणून काय भिंतीतून जाऊ?"

ती नंदीमागच्या सावलीत उभी होती. दुपारच्या उन्हानं फरशी अशी तापली होती की लोक काथ्याच्या पट्टीवरून घाईघाईनं चालत होते. तिच्याही कानांवर तसाच हेडफोन होता. काउंटरवरच्या मावशींनी तो देताना सांगितलं होतं, "नवीन आहे, तपासणी चाललीये. काही चुकलं तर हसायचं नाही."

तिनं बटण दाबलं. तिचाच आवाज म्हणाला, "आता डावीकडे वळा." डाव्या हाताला भिंत होती.

आवाज हाच तिचा व्यवसाय होता. लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" म्हणणारी तीच, आणि फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणून लोकांच्या शिव्या खाणारीही तीच. शंकराच्या या जुन्या देवळाची माहिती तिनं शहरातल्या एका खोलीत वाचली होती. भिंतींना गाद्या लावलेल्या, पंखा बंद, समोर कागद. देऊळ मात्र तिनं पाहिलं नव्हतं. आता सर्दीनं घसा पार बसला, काम थांबलं, आणि मोठ्या बहिणीनं तिला घराबाहेर काढलं. "आवाज नाही तरी दिवसभर माझं डोकं खातेस," ताई म्हणाली होती. "जा, कुठेतरी फिरून ये."

कुठेतरी म्हणजे इथेच, हे तिनं बसमध्ये बसल्यावर ठरवलं. आपण ज्याचं इतकं कौतुक केलं ते दिसतं तरी कसं?

"कुणाशी भांडताय?" तिनं विचारलं. घशातून आवाजाऐवजी खरखर आली.

तो दचकला. हेडफोन गळ्यात ओढत म्हणाला, "या बाईशी. देऊळ न पाहता देऊळ दाखवतेय."

"तुम्हाला काय माहीत, तिनं पाहिलं नाही ते?"

"तिचं थांबणं ऐका. 'मंडप पार करा' म्हणते, एक श्वास घेते, की लगेच 'डावीकडे वळा'! एका श्वासात एवढा मंडप कोण पार करतं? मारुती?"

तिला हसू आलं, पण राग त्याच्या आधी आला. "कदाचित... तिला कुणी सांगितलं नसेल."

"तिनं विचारलं असेल का?"

तिनं विचारलं नव्हतं.

तो नकाशे काढणारा होता. देवळाची इंच-इंच मापं घेऊन झाली होती, म्हणून ही तपासणीही देवस्थानानं त्याच्याच गळ्यात घातली होती. या आठवड्याच्या शेवटी त्यानं मत द्यायचं होतं. नुसत्या दुरुस्त्या करायच्या, की सगळं नव्यानं दुसऱ्या आवाजात करायचं.

"आणि तुम्ही काय करता?" त्यानं विचारलं.

तिच्या तोंडून निघून गेलं, "शिकवते. शाळेत."

"तरीच घसा असा झालाय."

खरं सांगायची ती वेळ होती. पण खरं कळलं असतं तर तो लगेच गोड बोलायला लागला असता, आणि तिला त्याचं खरं मत हवं होतं. निदान तिनं स्वतःला तसं पटवलं.

"चला, तिची सगळ्यात मोठी चूक दाखवतो," तो म्हणाला.

देवळाच्या उत्तर अंगाला भिंतीतून दगडी पन्हळ बाहेर येत होती. पिंडीवर घातलेलं पाणी गाभाऱ्यातून वाहत तिथे यायचं आणि अंगणातल्या चरातून पुढे जायचं. महादेवाची प्रदक्षिणा पुरी घालत नाहीत. या पाण्यापाशी यायचं, ते ओलांडायचं नाही, आल्या वाटेनं परत फिरायचं.

तेवढ्यात हेडफोन लावलेले एक काका आले. पन्हळीपाशी थबकले. मग टुणकन पलीकडे गेले, गर्रकन वळले आणि टुणकन परत अलीकडे आले. मागून येणाऱ्या आजी त्यांच्यावर आदळता आदळता वाचल्या. "अहो, धड इकडे तरी राहा नाहीतर तिकडे तरी!"

"यंत्रात सांगतायत तसं करतोय!" काका म्हणाले.

तिनं ऐकलं. तिचाच आवाज, लोण्यासारखा मऊ. "पन्हळ ओलांडता परत फिरा."

"कागदावर 'न ओलांडता' आहे," तो म्हणाला. "मी मूळ मजकूर पाहिला. बाईंनी 'न' गिळला."

तिचे कान गरम झाले. त्या दिवशी दुपारी जेवून आल्यावर वाचलेलं ते पान तिला आठवलं. एक अक्षर. तेवढ्यासाठी माणसं देवाच्या दारात उड्या मारत होती.

"मग काय सांगणार तुम्ही?"

"आवाज बदला म्हणून."

"एका 'न'साठी?"

"'न' दुरुस्त होईल हो. पण त्या आवाजाला..." तो शब्द शोधत थांबला. "कुतूहल नाहीये. सगळं माहीत असल्यासारखा बोलतो. तुम्ही बघा, आल्यापासून प्रश्नच विचारताय. असं कुणीतरी हवं."

घरी तिनं ताईला सगळं सांगितलं. ताई पोटभर हसली. "म्हणजे त्याला तू आवडलीस आणि तुझा आवाज नाही आवडला. इतरांचं उलट व्हायचं."

"तसं काही नाहीये."

"मग उद्या परत का चाललीयेस?"

"बघायचं राहिलंय थोडं."

ते थोडं काही केल्या संपेना. ती रोज जाऊ लागली. त्यानं तिला भिंतीवरच्या हत्तींची रांग दाखवली, त्यातला एकच उलट्या दिशेला निघालेला. "हा कुठे चाललाय?" तिनं विचारलं. "मापं घेताना मीही त्याला हेच विचारलं," तो म्हणाला. नंदीच्या दोन शिंगांमधून गाभाऱ्यातली पिंड कशी दिसते ते बघायला दोघं एकाच वेळी वाकले, आणि डोक्यावर डोकं आपटलं.

"लागलं?"

"नाही... तुम्हाला?"

"मला थोडं लागलंय," तो म्हणाला, आणि कपाळ चोळायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिला.

कधी तो तिला ऐकवायचा, "आज पुन्हा ऐकलं त्या बाईंना. सवय झालीये. रात्री जेवताना वाटतं, आता म्हणेल, उजवीकडे वळा." स्वतःच्याच आवाजाचा मत्सर वाटावा, ही तऱ्हा तिला नवीन होती.

पण घसा सुधारत होता. खरखरीखालून रोज थोडा थोडा आवाज वर येत होता. ती हळू बोलायला लागली, मग कुजबुजायला. त्याला ऐकायला जवळ वाकावं लागायचं. तो वाकायचा, आणि एक शब्द जास्त कुजबुजावा असं तिला वाटायचं. एकदा निघताना त्यानं तिच्या तिकिटामागे आपला फोन नंबर लिहून दिला. "तुम्हाला बोलायला त्रास होतो. बरं वाटलं की फोन करा."

आठवड्याचा शेवट उजाडला तेव्हा तिचा आवाज स्वच्छ परतला होता. आरशापुढे तिनं चार वाक्यं म्हणून पाहिली.

"आता काय करशील?" ताईनं विचारलं. "गेलीस की ओळखेल. खोटं बोललीस म्हणून चिडेल, आणि कामही जाईल."

"नाही गेले तर?"

"मग काम एकटंच जाणार नाही, तोही जाईल."

तो मंडपात खांबाला टेकून बसला होता, दाराकडे बघत. फोन वाजला. अनोळखी नंबर.

"नमस्कार," आवाज म्हणाला. "उठा. मंडप पार करायचाय. घाई नाही, मी थांबते."

तो उठला. आवाज खरंच थांबला. तो मंडपाच्या टोकाशी पोचेपर्यंत कानात फक्त एक श्वास होता, जरासा घाबरलेला.

"आता डावीकडे. पायरी मधोमध झिजलीये, बघा. किती पाय पडले असतील तिथे? मला माहीत नाही. तुम्हाला?" आवाज पुढे चालला, मागे बघत, अडखळत. "हत्तींच्या रांगेपाशी तुम्ही हळू होता. आजही झालात ना? तो उलटा हत्ती... मला वाटतं, तो काहीतरी विसरलाय. किंवा कुणीतरी. मी शाळेत शिकवत नाही. कधीच शिकवलं नाही. चालत राहा, प्लीज, थांबलात तर मला पुढचं सांगता यायचं नाही."

तो चालत राहिला. देवळामागून वळसा घालून पन्हळीपाशी आला, आणि पाण्याच्या पलीकडे ती उभी होती. फोन कानाला, चेहरा लाल.

"इथून पुढे यायचं नाही," ती म्हणाली. फोनमधून आणि समोरून, दोन्हीकडून ऐकू आलं.

मधून पाण्याची बारीक धार वाहत होती. कुणालाही सहज ओलांडता आली असती.

"रागावलात?"

त्यानं फोन खिशात टाकला, वळला आणि आल्या वाटेनं निघून गेला.

तीही फिरली. तिची वाट जवळची होती, त्यामुळे दाराशी ती आधी पोचली, आणि वाट बघणं तिच्या वाट्याला आलं. बाजूच्या फाटकातूनही बाहेर पडता येत होतं. ती फाटकाकडे बघत राहिली. मग मंडपाकडे. मग पुन्हा फाटकाकडे.

तो कोपऱ्यावरून आला, घाईनं, काथ्याची पट्टी सोडून तापल्या दगडांवरून आडवा, एकेका पायावर नाचत.

"पट्टी आहे ना तिथे!" ती ओरडली.

"लांबून जाते ती." तो धापा टाकत सावलीत आला. "एक सांगायचंय. ते मत आता मला देता येणार नाही. ते काम मी दुसऱ्याकडे देतोय."

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे आवाज बदलणार..."

"ते मला माहीत नाही. माझा एक सहकारी ऐकेल, तो ठरवेल. खडूस आहे, पण कान तिखट आहेत. आत्ता बोललात तसं बोललात तर त्याची काही हरकत नसेल." त्यानं श्वास घेतला. "मला ठरवता येणार नाही, कारण तपासणाऱ्यानं कुणाच्या बाजूचं असून चालत नाही."

"आणि तुम्ही?"

"मी तर पहिल्या दिवसापासून त्या खरखरीच्या बाजूचा आहे. आज ती खरखर आणि यंत्रातल्या बाई एकच निघाल्या. माझी पळायची वाटच बंद झाली."

तिनं तोंड उघडलं. लिफ्टमध्ये, फोनवर, हजारो माणसांशी न अडखळता बोलणारा तो आवाज एका शब्दावर अडला.

"मग... बस ना," ती म्हणाली. "पाय भाजले असतील तुझे."