बाहेर जाणारा आकडा

मला एक सांगा, गिऱ्हाईक म्हणतं नेट हळू आहे आणि मशीन म्हणतं सगळं ठणठणीत आहे, तर तुम्ही विश्वास कोणावर ठेवाल? घाई नाही, सावकाश सांगा. उद्यापासून हे दुकान, ही साडेतीनशे घरं आणि त्यांच्या वायरी तुमच्या ताब्यात येणार, म्हणून विचारतोय. मी चाळीस वर्षं इथे बसलो. आधी बल्ब आणि होल्डर विकले, मग केबल आली, मग हे नेट. शिक्षण म्हणाल तर सातवीला रामराम, पण वायर कुठे तुटली ते मी चाचपून सांगतो. लोक वायरशेठ म्हणतात ते उगाच नाही.

माझा अनुभव असा, की दहातल्या नऊ वेळा मशीन खरं बोलतं. एक वकीलबाई होत्या. धूळ बसू नये म्हणून त्यांनी राउटर स्टीलच्या डब्यात ठेवला, वर घट्ट झाकण, आणि महिनाभर माझ्या नावाने शंख केला. एका बँकेतल्या साहेबांनी तो माशांच्या काचपेटीमागे लपवला होता. मी म्हटलं, साहेब, पाण्यातून माशाला वाट सापडते, नेटला नाही सापडत. साहेब हसले नाहीत, पण पेटी हलवली.

दहावी वेळ टपालकाकांच्या लेकीची.

टपालकाका म्हणजे आमच्या भागाचे जुने पोस्टमन. बत्तीस वर्षं पायी फिरले. मी पहिल्यांदा वायरी टाकायला निघालो, तेव्हा कुठल्या घरात कुत्रा आहे आणि कुठल्या घरात कुत्र्यापेक्षा वाईट म्हातारा आहे, हे त्यांनीच मला शिकवलं. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत त्यांना झटका आला. डोळे आणि डाव्या हाताची दोन बोटं, एवढंच काय ते हलायचं. बत्तीस वर्षं चाललेला माणूस तीन वर्षं मागच्या खोलीत पलंगावर पडून राहिला.

घरात दुसरं कोणी नाही. लेक चाळिशीची, एका ऑफिसात नोकरीला. सकाळी सांभाळायला एक बाई यायची, ती दोनला जायची, आणि लेक साडेपाचला घरी पोचायची. मधल्या साडेतीन तासांसाठी मीच त्या खोलीत कॅमेरा बसवून दिला. मान वळवणारा, खोलीत काही हललं की त्या बाजूला तोंड फिरवणारा. ती ऑफिसातून मोबाइलवर बाबांना बघत असे. त्या तीन वर्षांत कॅमेऱ्याने बाई असताना मान फिरवली असेल तेवढीच. दुपारी त्याला वळण्याजोगं काही नसायचं.

काका गेले तेही अशाच एका दुपारी, घरात कोणी नसताना.

त्यानंतर लेकीने घरून करायचं काम धरलं. विमा कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी नेटवरून ऐकून घ्यायच्या. आठ महिन्यांनी ती माझ्याकडे आली ती स्वतःची तक्रार घेऊन. मी चेष्टेत म्हटलं, आता कळलं ना पलीकडे बसणाऱ्याचं दुःख. ती हसायचं म्हणून हसली. मग तिने सांगितलं, रोज दुपारी तीन ते पाच तिचे कॉल तुटतात. वरच्यांनी लेखी कळवलंय, हा आठवडा शेवटचा, नाहीतर काम दुसऱ्याला. पुन्हा कुठे चिकटायचं तिचं वय राहिलं नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी स्वतः गेलो. राउटर कपाटामागे होता, तो टेबलावर आणला. दुसऱ्या दिवशी खांबापासून घरापर्यंतची वायर नवी ओढली. तिसऱ्या दिवशी राउटरच बदलला. दर वेळी स्पीड तपासला की मशीन म्हणायचं शंभर. मी म्हणायचो, बघ पोरी, शंभर. तीन वाजले की पुन्हा तेच. शेवटी ती दमून म्हणाली, "काका, समोरच्याचं मला सगळं ऐकू येतं. माझंच तिकडे पोचत नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या धंद्यात आम्ही सगळे येणारं मोजतो. गिऱ्हाइकाला सिनेमा अडकता कामा नये, एवढंच आमचं लक्ष. घरातून बाहेर काय जातं ते कोणी बघत नाही, कारण जाऊन जाऊन जाणार किती? मी जाणारा आकडा उघडला. पावणेतीनला अगदी चिमूटभर. तीनला दोन मिनिटं कमी, तरी चिमूटभर. तीन वाजले आणि आकडा चढायला लागला. चढत चढत लाइन भरून गेली.

घरातली कुठली वस्तू पाठवतेय ते बघितलं. तिचा कॉम्प्युटर नव्हता, मोबाइल नव्हता. मागच्या खोलीतला कॅमेरा होता.

"अजून चालू आहे तो?" मी विचारलं. तिने मान खाली घातली.

आता इथे नीट लक्ष द्या. कॅमेरा ही फार कंजूस जात आहे. जे हलतं तेवढंच तो पाठवतो. समोर भिंत असली तर तासभरात नखाएवढं पाठवेल. काकांच्या वेळी त्या कॅमेऱ्याने लाइनवर कधी भार टाकलाच नव्हता. आणि आत्ता तो जेवढं पाठवत होता, तेवढं माझा दुकानाबाहेरचा कॅमेरा शाळा सुटायच्या वेळी पाठवतो, चौकात माणूस मावत नाही तेव्हा.

मी म्हटलं, खोली दाखव. तिने दार उघडलं.

अंथरुण झाडून घातलेलं, चादरीला इस्त्री. फिनेलचा वास, आणि त्याखाली दुखऱ्या सांध्यांना चोळायच्या मलमाचा, जुना, भिंतीत मुरलेला. अशा वेळी करायच्या गोष्टी ठरलेल्या असतात. भिंगावर कोळी बसतो, तो झाडला. खिडकी लावली, पडदा ओढला, पंखा बंद केला. अंधारात कॅमेऱ्याच्या चित्रात मुंग्या येतात आणि त्याला ते हलणंच वाटतं, म्हणून दिवा लावला. आणि कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, भिंतीला पाठ लावून मोबाइलवर बघत उभा राहिलो. चित्रात रिकामा पलंग. आकडा तसाच.

तसाच म्हणजे... सारखा नव्हता. पाच-सहा सेकंद वर, मग क्षणभर खाली. पुन्हा पाच-सहा सेकंद वर, पुन्हा खाली. मी बारा फुटांची ती खोली नजरेने मोजली. या भिंतीपासून त्या दारापर्यंत सावकाश चालायला तेवढाच वेळ लागतो.

मग कॅमेऱ्याची मान वळली. घर्र... खिडकीपासून दारापर्यंत. थांबली. घर्र... दारापासून खिडकीपर्यंत. मी हललो नव्हतो. श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मोबाइलच्या चित्रात खोली हळूहळू सरकत होती आणि तिच्यात कोणी नव्हतं.

"रोज असंच," लेक दारातून म्हणाली. तिचा आवाज शांत होता.

"तुला ठाऊक होतं?"

"कॅमेरा वळतो ना, त्याचा आवाज येतो बाहेर. बाबा तीन वर्षं पडून होते हो, काका. आता चालतायत. मी कशी बंद करू?"

ती दाराच्या चौकटीला धरून बोलत राहिली, माझ्याकडे न बघता. शेवटच्या दिवशी ती पावणेपाचला ऑफिसातून निघेपर्यंत दर दहा मिनिटांनी बघत होती. बाबा नेहमीसारखेच. हात पोटावर, डोळे दाराकडे. साडेपाचला घरी आली तर हात पलंगाखाली लोंबत होता आणि चादर निम्मी ओढली गेली होती. दोन बोटं हलणाऱ्या माणसाने ती कशी ओढली असेल, देव जाणे. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास-दीड तास झाला, आणि लगेच गेलेले नाहीत.

"मी बघत होते, काका. माझ्या डोळ्यांसमोर तडफडले आणि मला दिसलं नाही. असं कसं झालं?" मग तिने माझ्याकडे बघितलं. "त्याच आठवड्यात तुम्हाला फोन करून विचारलं होतं. परत विचारते. त्या दुपारी लाइन बंद होती का?"

मोबाइल माझ्या हातात होता. आकडा खाली आला होता. शून्य. कॅमेऱ्याची मान आम्हा दोघांच्या मध्ये कुठेतरी थबकली होती, कोणी चालता चालता उत्तर ऐकायला थांबावं तशी.

बंद होती. त्या दुपारी कोपऱ्यावरच्या नव्या दवाखान्याला जोडणी द्यायची म्हणून मी स्वतः गल्लीतल्या पेटीचा प्लग ओढला होता. चाळीस घरं बंद. कोणाला सांगितलं नाही, दुपारी कोण बघतंय म्हणून. रजिस्टरात लिहिलं नाही, कारण वरची कंपनी बंद तासांचा जाब विचारते. पोरीच्या मोबाइलवर जे दिसत होतं ते तीन वाजताचं थिजलेलं चित्र होतं. आणि जो माणूस कधी हलतच नाही, त्याचं थिजलेलं चित्र आणि जिवंत चित्र यांतला फरक कोणाला कळणार?

"चालू होती," मी म्हणालो.

घर्र... मान माझ्याकडे वळली. मी बोटसुद्धा हलवलं नव्हतं. आकडा चढू लागला. लाइनची जी हद्द मीच बांधून दिली होती, तिच्याही वर गेला. कॅमेऱ्याचं तोंड कणाकणाने माझ्या रोखाने सरकत राहिलं, कोणी सावकाश जवळ येताना सरकतं तसं, आणि माझ्यावर येऊन थांबलं. मलमाचा वास... माझ्या गालापाशी आला. ताजा.

लेकीला यातलं काही दिसलं असेल असं वाटत नाही. ती "म्हणजे माझंच चुकलं" एवढं पुटपुटली, वाकली आणि तिने कॅमेऱ्याचा प्लग काढला.

त्याच मिनिटाला लाइन मोकळी झाली. तिचे कॉल लागले, नोकरी वाचली. मी रजिस्टरात लिहिलं, राउटर बदलला, तक्रार मिटली.

दहा दिवस काढले. तिची नोकरी राहिली हे स्वतःला सांगत राहिलो, पण ती रोज त्या खोलीच्या दाराशी कोणता विचार घेऊन उभी राहत असेल, तो मला जेवू देईना. तीन वाजले की मी घड्याळाकडे पाठ करून बसायचो. अकराव्या दिवशी गेलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. प्लग, दवाखाना, थिजलेलं चित्र, आणि आधी फोनवर, मग त्या खोलीत, असं दोनदा बोललेलं खोटं.

तिने कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आठ महिने, काका." मग उठून दार उघडलं. "तुम्ही या आता."

ती मला आजही काकाच म्हणते. पण रस्त्यात भेटली तर थांबत नाही.

त्या दिवशी मी दुकानात आलो तो काका गेले त्या दुपारची राहिलेली नोंद करायला. किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत ते मिनिटासकट लिहायचं ठरवलं, म्हणून सगळ्या घरांचं येणं-जाणं आपोआप टिपणाऱ्या मोठ्या मशीनवर त्या तारखेचं जुनं पान उघडलं. तिच्या घराची ओळ काढली. येणाऱ्याच्या रकान्यात तीन वाजून चार मिनिटांपासून चार अठ्ठावन्नपर्यंत शून्य. बरोबर आहे. कोणी चुकून लावू नये म्हणून तेवढा वेळ प्लग माझ्या खिशात होता.

जाणाऱ्याच्या रकान्यात शून्य नाही.

त्या एक तास चोपन्न मिनिटांत त्या घरातून जेवढं बाहेर गेलंय, तेवढं आधीच्या तीन वर्षांत मिळून गेलेलं नाही. चार अठ्ठावन्नला मी प्लग लावला, तिथे ते थांबतं. जे वाटेत हरवतं, पोचत नाही, ते मशीन वेगळ्या रकान्यात लिहितं. मी चष्मा पुसून पुसून बघितलं. तो रकाना कोरा आहे. म्हणजे सगळं पोचलं. ज्या लाइनला टोकच नव्हतं, तिच्यावरून पलीकडे कोणीतरी ते सगळं घेतलं. शेवटपर्यंत.

हे मात्र मी तिला सांगू शकलो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण ते पान उद्यापासून तुमचं. ते पुसू नका. आणि गल्लीचा प्लग कधी ओढलात, अगदी दोन मिनिटांसाठी ओढलात, तरी आधी चाळीस दारं वाजवा आणि नंतर रजिस्टरात लिहा. बंद होतं ते बंद लिहा, गेलं ते गेलं लिहा. हिशेब खरा ठेवा, एवढंच माझं मागणं आहे.