डाव्या हाताची गाठ

मंगळवारी सकाळी कोंबड्यांना दाणे घालून थर्झा अ‍ॅल्डरसन मेंढवाड्याकडे निघाली, ती फक्त फाटकाची सैल झालेली बिजागरी ठोकायला. एका हातात हातोडी, तोंडात दोन खिळे. वाडा रिकामा असायला हवा होता. तिची मेंढरं वर ग्रिमरिगच्या माळावर होती आणि गुरुवारशिवाय ती खाली आणायची नव्हती. पण वाड्यात पाच मेंढ्या उभ्या होत्या, धुक्याने भिजलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, आणि पाचही जणींच्या उजव्या फऱ्यावर लाल पट्टा होता.

लाल पट्टा म्हणजे शेजारच्या एनॉक कोट्सची खूण. थर्झाच्या मेंढरांना निळा, तोही डाव्या खांद्यावर.

थर्झाने तोंडातले खिळे थुंकले आणि त्यामागोमाग दोन शब्द, जे चर्चच्या आसपास ती कधी उच्चारत नसे. महिन्याभरात ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा एक मेंढी निघाली, मग तीन, आणि आता पाच.

फाटक बाहेरून सुतळीने बांधलेलं होतं. तिने गाठ सोडायला हात घातला आणि तिथेच थबकली. गाठ उलटी होती. सगळं खोरं सुतळी उजवीकडून वळवतं, ही डावीकडून वळवली होती. अशी गाठ मारणारा एकच माणूस तिला माहीत होता. तो तिचा नवरा रूबेन. त्याला जाऊन आठ महिने झाले होते.

दुसरी एखादी तिथेच मटकन बसली असती. थर्झाला मात्र संताप आला. एनॉकने तीस वर्षं रूबेनच्या खांद्याला खांदा लावून मेंढरं राखली होती, त्याला ही गाठ शिकायला कितीसा वेळ लागणार? आणि वसंतात दोनदा, चहा पिता पिता, सहज बोलल्यासारखं दाखवून हाच म्हातारा म्हणाला होता, "एकट्या बाईला हा डोंगर झेपायचा नाही गं." म्हणजे डोळा कशावर आहे ते उघड होतं.

ग्रिमरिगवर कुंपण नाही. तिथे प्रत्येक कळपाचा आपला एक तुकडा असतो. तो मेंढी कोकराला दाखवते, ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला, आणि शंभर वर्षं लोटली तरी कळप आपली हद्द सोडत नाही. एनॉकची मेंढरं आपण होऊन दोन मैल उतरून थर्झाच्या वाड्यात येणं शक्यच नव्हतं. कुणीतरी कुत्रं लावून ती हाकलत आणली होती. शनिवारी मेंढपाळांचा मेळा होता. चुकलेली मेंढरं तिथे ज्याची त्याला देतात, एकदोन सगळ्यांकडेच निघतात. पण परक्याची मेंढरं वाड्यात बांधून ठेवणाऱ्याला या खोऱ्यात एकच नाव आहे, आणि ते नाव लागलं की त्याचा डोंगरावर चारण्याचा हक्क जातो. थर्झाला मूल नव्हतं, बचत नव्हती. होता तो हा डोंगर.

तिने नेलला हाक मारली. नेल तिची काळीपांढरी कुत्री. दोघींनी मिळून त्या पाच मेंढ्या एनॉकच्या अंगणात नेऊन उभ्या केल्या.

एनॉक दारात पाइप साफ करत बसला होता. सत्तरीचा, काटकुळा, नाकाचा शेंडा कायम लाल.

"या वेळी पाच का?" तो म्हणाला. "हौस वाढतेय तुझी."

"माझी हौस? तूच आणून कोंडायचं आणि वर मलाच टोमणे मारायचे?"

"मी माझीच मेंढरं तुझ्या वाड्यात कोंडू? एवढा म्हातारचळ नाही लागलेला मला अजून."

"शनिवारी चार लोकांत मला चोर ठरवलंस की डोंगर तुला आयता मिळाला. मला कळत नाही होय?"

एनॉकने पाइप खाली ठेवला. "थर्झा, तुझ्या नवऱ्याच्या पेटीला खांदा दिलाय मी. गुडघाभर बर्फातून."

"दिलास ना. मग ही कुठून आली?" तिने गाठीसकट कापून आणलेली सुतळी त्याच्यासमोर टाकली.

एनॉकने ती उचलली. बोटांनी गाठ चाचपली. मग हळूच म्हणाला, "ही बांधणारा आता जमिनीखाली आहे, बाई."

"पण बघून शिकलेला अजून हिंडतोय," थर्झा म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता हे तिने पाहिलं, पण चोर पकडला गेला की त्याचाही उडतोच, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

बुधवारी दुपारचं जेवण उरकून ती वर गेली. एनॉकला रंगेहाथ पकडायचं तिने पक्कं ठरवलं होतं. बरोबर नेल, थर्मासभर चहा आणि फ्रूटकेकचा मोठा तुकडा. हेदरच्या झुडपांचा जांभळा बहर ओसरून सगळा माळ तपकिरी झाला होता. शिशाच्या जुन्या खाणीचं तोंड तिने लांबून टाळलं. पायाखाली शेवाळ पाणी सोडत होतं आणि हेदरमधून एकेक तांबडा रानकोंबडा फडफडत उठून ओरडत होता. त्याचं ओरडणं माणसाच्या बोलण्यासारखं आहे, असं तिची सासू सांगायची. माघारी, माघारी, माघारी. थर्झाने त्याला हातानेच हाकललं.

पेटीच्या दगडाजवळ पोचेपर्यंत धुकं उतरलं. हा दगड म्हणजे एक लांब सपाट शिळा, मागे एक पडकी भिंत. जुन्या काळी डोंगरापलीकडची मेलेली माणसं पुरायला चर्चकडे नेताना पेटी या दगडावर टेकवून खांदेकरी दम खात. मोटारीचा रस्ता झाल्यावर ते कुणाला आठवतही नव्हतं. पण फेब्रुवारीत रस्ता बर्फाखाली गेला आणि रूबेनला याच वाटेने न्यावं लागलं. त्या दिवशी पेटी इथे टेकवली होती.

भिंतीमागे कुणीतरी खोकलं.

"एनॉक!" ती ओरडली. "सापडलास की नाही!"

"मी कसला सापडतोय?" धुक्यातून एनॉक उठला. त्याच्या मिशीला थेंब लटकले होते. "अकरा वाजल्यापासून बसलोय इथं, तुला पकडायला. हाडं गारठली माझी."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. तो इथे, ती इथे. मग आता हसावं की काय करावं, ते दोघांनाही कळेना. अखेर थर्झाने केकचा अर्धा तुकडा त्याच्यापुढे केला. विष नाही ना याची खात्री करावी तसा त्याने तो आधी वास घेऊन पाहिला. मग दोघं दगडाच्या दोन टोकांना बसली. विश्वास दोघांचाही नव्हता, पण चहा एकाच झाकणातून प्यायली.

दोनच्या सुमाराला आजूबाजूचे रानकोंबडे एकदम गप्प झाले.

आणि शीळ आली. दोन लांब, एक आखूड, शेवटाला खाली घसरणारी.

नेल उठून उभी राहिली.

"बस," थर्झा म्हणाली. "नेल... बस म्हणते ना."

नेलने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती पोट जमिनीला टेकवत, लांब वळसा घेत धुक्यात शिरली. प्रत्येक मेंढपाळाची शीळ त्याची स्वतःची असते, आणि कुत्रं तीच मानतं. नेल दोन शिळांवर वाढली होती. एक थर्झाची, आणि दुसरी ही.

धुक्यातून मेंढ्या आल्या. नऊ-दहा असाव्यात. सगळ्या लाल पट्ट्याच्या, माना खाली, एकमेकींना घासत, जराही आवाज न करता. त्यांच्या मागून नेल. आणि नेलच्याही मागे हेदर दबत होतं आणि पुन्हा उठत होतं, पावला-पावलाच्या अंतराने. तिथे कुणीच नव्हतं. ओल्या लोकरीचा वास आला आणि त्यातच डांबराचा, जो रूबेनच्या कोटाला बारा महिने यायचा. दगडापासून हातभर अंतरावर नेल थांबली. तिचे कान मागे दबले, डोळे मिटले, जसे कुणी डोक्यावरून हात फिरवल्यावर मिटतात. मग शीळ पुन्हा आली, या वेळी खालून, थर्झाच्या घराच्या बाजूने, आणि सगळं धुक्यात उतरून गेलं.

एनॉकने झाकणातला गार चहा हेदरमध्ये ओतून टाकला.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "खरं सांग मला. त्या दिवशी त्याच्या मुठीत लोकर ठेवलीस... ती कुठली होती?"

थर्झाने मागच्या भिंतीकडे पाहिलं.

खोऱ्यात मेंढपाळ गेला की त्याच्या मुठीत त्याच्याच कळपाच्या लोकरीचा झुपका देतात. रविवारी चर्चला का येत नव्हतास असं वर देवाच्या दारी कुणी विचारलं, तर मेंढरं राखत होतो हे दाखवायला. थर्झा त्या दिवशी ते घरी विसरली होती. इथे आल्यावर आठवलं. एनॉकने चाकूने पेटीचे दोन स्क्रू सैल केले आणि तोंड फिरवून उभा राहिला. तिने भिंतीला अडकलेला एक झुपका ओढून रूबेनच्या मुठीत सरकवला. बर्फ पडायला लागला होता, माणसं काकडत होती. झुपक्याच्या टोकाला लाल डाग होता. तो तिला दिसला होता. लोकर ती लोकर, असं तिने मनाशी म्हटलं होतं.

"लाल होती," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. "तुझी होती रे, एनॉक..."

एनॉकने टोपी काढली. "मग त्याचा काय दोष? जी हातात दिली ती त्याची. हातात घेतलेलं काम रूबेननं कधी अर्धवट टाकलंय का?"

गुरुवारी मेंढरं खाली आणली. एनॉकही न बोलावता मदतीला आला. कळपात एक म्हातारी मेंढी होती, जुलैत कातरणीच्या वेळी कुणाच्या हाती न लागलेली. तिच्या डाव्या खांद्यावर अजून रूबेनने ओढलेला पट्टा होता. थर्झा काठीने पट्टे ओढायची, सरळ. रूबेन अंगठ्याने ओढायचा, आणि शेवटाला त्याचा अंगठा आकड्यासारखा खाली वळायचा. तेवढी लोकर तिने कापून घेतली. भर दुपारी चर्चच्या आवारात जाऊन, कबरीवरची हिरवळ काठीने उचकटून, मनगटापर्यंत हात मातीत घालून तिने तो झुपका आत पुरला.

"चूक माझी झाली," ती म्हणाली. "हे घे. हा तुझा कळप. लोकांचं सोड, आणि जे तुझं आहे ते सगळं गोळा करून ठेव. एकही बाहेर राहू देऊ नकोस."

शुक्रवारी वाडा रिकामा होता. शनिवारीही. मेळ्यात एनॉक भर गर्दीत उभा राहून म्हणाला, "थर्झाकडे माझं एकही मेंढरू नाही, आणि कधी नव्हतं. कुणाला शंका असेल तर मला विचारा." मग तिच्याकडे वळून तो पुटपुटला, "आता तरी माझ्या नावानं बोटं मोडणं थांबव." थर्झा हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली, आणि घरी येऊन दाराला आतून अडसर घालून शांत झोपली.

रविवारी तिला जाग आली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. कोंबड्या दाण्यासाठी ओरडत होत्या. डावा खांदा तिला गार आणि ताठरल्यासारखा वाटत होता. रात्री उघडा पडला असेल, असं म्हणत तिने झग्याची गळपट्टी खाली ओढली आणि आरशापुढे गेली.

खांद्यावर निळा पट्टा होता, बोटभर रुंद. शेवटाला तो आकड्यासारखा खाली वळला होता.

तिने साबण लावला. मग रॉकेल. मग खराट्याचं बुडखं घेऊन रक्त येईपर्यंत घासलं. पट्टा निघाला नाही. चुलीपुढच्या गोणपाटावर नेल नव्हती. अडसर मात्र रात्री घातला तसाच होता. एनॉककडे जायचं, एवढंच तिला सुचलं. कोट चढवून तिने अडसर काढला आणि दार आत ओढलं.

दार बोटभर उघडलं आणि अडकलं. फटीतून तिला बाहेरची कडी दिसली. कडीपासून भिंतीतल्या लोखंडी गोलापर्यंत सुतळी ताणून बांधली होती. गाठ डावीकडून वळवलेली होती.

"नेल," तिने फटीतून हाक मारली. "नेल... इकडे ये, बाळा."

नेल अंगणातच होती. मेंढरं आत घातल्यावर ती फाटकापुढे बसते, तशी दारापुढे बसली होती, पुढचे पाय पसरून, नजर फटीवर ठेवून. शेपूट हलली नाही. थर्झाने दाराला हिसका दिला तशी ती फक्त हातभर पुढे सरकली आणि पुन्हा बसली.