पलीकडून पाना धरणारा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण ही घडलेली गोष्ट आहे. माझे मामा पुंजाराम रंगवून सांगणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी ही हकीकत मला आयुष्यात एकदाच सांगितली, आणि सांगताना मान वर केली नाही.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती.

भर दुपार होती.

१९९७ सालचा मे महिना, शुक्रवार. जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्याला पुंजाराम आणि त्यांचे दोस्त लतीफ या दोघांचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, पुढं मोकळी जागा, बाजूला लिंबाचं झाड. शेडमध्ये त्या दिवशी एकच गाडी होती. आष्टीच्या काकासाहेबांचा ट्रक.

बोअर मारायच्या मशीनबरोबर हा ट्रक पाइप वाहायचा. आदल्या पावसाळ्यात तो काळ्या रानात असा रुतला की ट्रॅक्टर लावूनही हलेना. तेव्हाच काकासाहेबांनी ठरवलं, गाडी फोर व्हील करायची. मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनीही ओढलं पाहिजे. भंगारवाले लालमियाँ यांनी लिलावातल्या एका जुन्या गाडीचा पुढचा एक्सल आणि जास्तीचा गिअरबॉक्स आणून दिला. त्याच गाडीच्या चासीतून, म्हणजे खालच्या सांगाड्यातून काढलेला एक जाड, आडवा लोखंडी तुकडाही त्यांनी बरोबर दिला.

त्याला क्रॉस मेंबर म्हणतात. चासीच्या दोन लांब पट्ट्यांच्या मधे तो आडवा बसतो, आणि गिअरबॉक्सचं सगळं ओझं त्याच्यावर टेकतं.

तो बसवणं हे दोघांचं काम. बोल्टचं डोकं चासीच्या बाहेर राहतं, नट आत. एकानं बाहेर बसून डोक्यावर पाना धरायचा, दुसऱ्यानं खाली पडून नट आवळायचा. धरणारा नसला तर बोल्ट नुसता गरगर फिरतो.

"तू जेवून घे," लतीफ म्हणाले. "मी जुम्म्याची नमाज पढून येतो. मंग बराबर आवळून टाकू."

लुना काढून ते गेले.

पुंजारामनी भाकर खाल्ली, घागरीतलं पाणी प्यायलं आणि पोतं अंथरून ट्रकखाली शिरले. गिअरबॉक्सखाली लाकडी ठोकळ्यावर जॅक होता. त्यांनी क्रॉस मेंबर जागेवर धरला, बोल्ट भोकांतून सरकवले, नट हातानं चढवून ठेवले. आता लतीफची वाट.

बाहेर ऊन रटरटत होतं. पत्रा तापून मधूनच तडकत होता.

आणि मग...

चपलांचा आवाज आला.

सावकाश, पाय ओढत. शेडमध्ये शिरला आणि डिझेलच्या टाकीपाशी येऊन थांबला. त्या बाजूला टाकी लटकत असल्यामुळं पलीकडचा माणूस खालून दिसत नव्हता.

"आलास का?" पुंजारामनी विचारलं.

उत्तर नाही.

पण बाहेरून बोल्टच्या डोक्यावर पाना बसल्याचा आवाज आला. खट्.

पुंजारामनी नट आवळायला घेतला. बोल्ट तसूभरही फिरला नाही. धरलं होतं असं घट्ट, की जणू शिकंज्यात आवळलंय. एक नट झाला. 'दुसरा धर' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात पाना आपणहून दुसऱ्या बोल्टवर सरकला.

खट्.

"गर्दी होती का मशिदीत?"

पुन्हा उत्तर नाही.

लतीफ कामात गप्प बसणारा माणूस नव्हे. काही नाही तर गुणगुणत तरी असायचे. शुक्रवारी अत्तर लावायचे, ते जवळ आले की आधी वास यायचा.

वास नव्हता.

पुंजारामांच्या हातातला पाना थांबला. त्यांनी कान दिला...

रस्त्यावरून एकही गाडी जात नव्हती. लिंबावरचा कावळा गप्प होता. पत्रा तडकायचाही थांबला होता.

ते पोत्यावरून थोडे खाली घसरले. मान वाकडी करून टाकीच्या खालून पलीकडं पाहिलं. पलीकडची जमीन दिसत होती. तेलाचे डाग, उन्हाचा पट्टा, पडलेला एक वायसर.

पाय नव्हते.

बोल्ट मात्र अजून कोणीतरी घट्ट धरून होतं.

मामा म्हणाले, "मला वरडायचं होतं. पण हात चालूच राह्यला. हाताला सवय असती ना. मी नट फिरवून राह्यलो, आणि क्रॉस मेंबर चासीला भिडत चालला. बोटभर फट राह्यली आसंल. तवा..."

तेव्हा त्या फटीतून आवाज आला. अगदी हळू.

"थांब. हात हाय माझा आत."

पुंजारामनी पाना सोडला. फटीत पाहिलं. आत काहीच नव्हतं. नुसतं गंजलेलं लोखंड.

त्याच वेळी रस्त्यावर लुनाचा आवाज आला आणि पाठोपाठ लतीफची हाक. "पुंजा, टरबूज आणलंय. बाहेर ये."

पुंजाराम कसे बाहेर आले ते त्यांनाच माहीत. लतीफनी त्यांना लिंबाखाली बसवलं, डोक्यावर पाणी मारलं.

"ऊन लागलं तुला. डोळा लागला आसंल."

"मंग पलीकडून पाना कोणी धरला?"

लतीफ जाऊन पाहून आले. एक सोडून बाकी नट पक्के बसले होते. त्यांचे स्वतःचे पाने पेटीत होते, पेटीला कुलूप होतं, आणि किल्ली त्यांच्याच खिशात होती. टरबूज तसंच राहिलं.

दिवस कलताना काकासाहेब आले. पावसाळ्याच्या आत गाडी हवी म्हणून ते रोज चक्कर मारत. पुंजाराम म्हणाले, "काकासाहेब, हा क्रॉस मेंबर नको. दुसरा बनवून घेऊ."

"का? मोडका हाय का?"

"न्हाई. पण मला पटंना."

काकासाहेबांनी लतीफकडं पाहिलं. लतीफना आपल्या दोस्ताची शोभा करायची नव्हती आणि गिऱ्हाईकही मोडायचं नव्हतं. "एकच बोल्ट राह्यलाय," ते म्हणाले. "मी बाहेरून धरतो. पुंजा, तू फकस्त आवळ. मी हाय ना."

पुंजाराम पुन्हा खाली शिरले. या वेळी टाकीखालून त्यांना लतीफचे पाय दिसत होते. अत्तराचा वासही येत होता. जरा धीर आला.

"धरलं का?"

"धरलं," लतीफ म्हणाले.

आणि मग... त्यांच्या कानाशी, अगदी जवळ...

"धरलं."

पुंजारामनी नटला हातही लावला नाही. "लतीफ, सोड. बाजूला हो."

"काय झालं?"

बस, एवढंच बोलणं झालं. जॅकखालचा लाकडी ठोकळा सरकला. कसा सरकला, कोणी सांगू शकत नाही, त्याला कोणाचा धक्का लागला नव्हता. गिअरबॉक्स खाली बसला, क्रॉस मेंबर कलंडला आणि ती फट मिटली.

लतीफ ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "पुंजा, जॅक. जल्दी."

त्यांचा उजवा हात फटीत होता.

जॅक पुन्हा चढवून हात मोकळा करेपर्यंत काकासाहेब लतीफना मागून धरून उभे होते. त्यांच्याच जीपमधून दवाखान्यात नेलं. दोन बोटं गेली. लतीफच्या घरच्या, जुबेदाभाभी, दवाखान्याच्या व्हरांड्यात पुंजारामना एकच विचारत होत्या, "पाना धरनेवाला आदमी अंदर हात कायको डालेगा, भाई?"

मामांनी ते पुढं महिन्याभरानं लतीफनाच विचारलं.

लतीफनी बँडेजचा हात मांडीवर घेतला. "मी घातलाच न्हाई रे हात. माझं मनगट धरलं होतं कोणीतरी."

"आत ओढत होतं?"

"तेच कळंना. आत ओढत होतं, का माझा आधार घेऊन सोता बाहेर येऊन राह्यलं होतं."

तो विषय पुन्हा दोघांमध्ये निघाला नाही.

काकासाहेबांनी वाद न घालता नवा क्रॉस मेंबर बनवून घेतला. ट्रक पुढं कित्येक वर्षं काळ्या रानातून चालला, कधी कुरकुर नाही. जुना तुकडा मामांनी हातगाड्यावर टाकून लालमियाँकडं नेला. त्यांनी कारण विचारलं नाही, हेच मामांना खटकलं.

"कोणत्या गाडीचा होता, चाचा? कोणी मेलं होतं का तिच्यात?"

"लिलावाचा माल. आपल्याला काय मालूम," लालमियाँ म्हणाले. मग बोलले, "दोन माणसांनी उचलायचं वजन हाय त्याचं. पण मी एकटाच उचलायचो. हलका लागायचा. पलीकडून कोणी धरल्यासारखा."

"मंग आम्हाला का दिला?"

लालमियाँ तराजूकडं वळले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो तुकडा जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्टीवर पाठवून दिला. तिथं भंगार वितळतं, त्याची सळई होते, आणि सळई ट्रकात भरून गावोगाव जाते.

कुठल्या गावी गेली, कोणाच्या घरात गेली, ते कळायला मार्ग नाही.

मामांनी मला हे सांगितलं ते त्याच वर्षी, आमच्या नव्या घराच्या ओट्यावर बसून. स्लॅब टाकून थोडेच दिवस झाले होते. सांगून झालं तसे ते उठले. चहा उकळत होता, तरी थांबले नाहीत.

घरातली सळई जालन्याचीच होती. मी त्यांना सांगितलं नव्हतं.

आत जाताना मी दाराजवळच्या खांबाला हात लावत नाही आता. का, ते मला नीट सांगता येणार नाही.