पायठसा

निजाम शिकलगारने सकाळपासून चौथ्यांदा बॉनेट उघडलं, तेव्हा वैजयंता भोईटे त्याला म्हणाली, "आता काय इंजिनाला दंडवत घालतोस?"

पाटणात निजामएवढा जुना मेस्त्री नव्हता, आणि वैजयंताएवढी जुनी गिऱ्हाईकही. त्याने वायरी घासल्या, बॅटरी बदलली, टाकीतला अर्क काढून दुसऱ्या कारखान्याचा भरला. तरी जीप विसाच्या वर जाईना.

"आक्का, मला तर हिच्यात खोट दिसंना."

"नाचता येईना अंगण वाकडं, तशी गत तुझी. कराडच्या त्या पोरीनं डब्याची वाट लावली. बोलाव तिला."

डबा म्हणजे इंजिनाजवळ बसवलेला वहीएवढा संगणक. त्या दिवसांत गाड्या उसाच्या अर्कावर चालत, आणि अर्क कारखान्यागणिक वेगळा. एकाचा कडक, दुसऱ्याचा पाणचट. तेव्हा अर्क किती सोडायचा, ठिणगी कधी टाकायची, हे डबा चालता चालता शिके. आणि शिकायची चटक वाईट. एकदा लागली की माणूस शेजारच्या चुलीतही डोकावतो. डबाही गाडी चालवणाऱ्याच्या पायात डोकावू लागला. पाय किती झपकन दाबतो, किती वेळात उचलतो, किती थरथरतो. अंगठ्याचा ठसा कागदावर उमटतो, पायाचा वेळेत उमटतो, एवढाच फरक. त्याला म्हणायचे पायठसा. सरकारने कायदाच केला, की ठसा जुळला नाही तर डब्याने गाडी लंगडी करायची, विसाच्या वर सोडायची नाही. चोर आणि दारुडे एकाच दोरीत बांधले गेले. मेस्त्रीच तेवढे वैतागले, कारण परक्या पायाखाली चांगली गाडीही लंगडतच चाले.

वैजयंताच्या डब्याचा टाका उन्हाने तडकला, म्हणून तो तीन आठवडे कराडला दुरुस्तीला होता. बाकीचे लोक डबा कोरा करून घेत आणि ठसा नव्याने बसवत. वैजयंताने बजावलं होतं, "आतलं काही पुसायचं नाही. सून माहेराहून परत आणताना तिचं डोकं धुऊन काढतात का? नऊ वर्षांचा माझा पाय आहे त्यात. घाटात असा पाय दुसऱ्या कुणाचा दाखव."

आणि ते खरंच होतं. घाटमाथ्यावरच्या रोपवाटिकेत कामाला जाणाऱ्या नऊ बायका रोज तिच्याच जीपमधून जात. बाकीच्यांच्या गाडीत त्यांना ओकारी येई.

दुपारी सानिका लोहार आली. कराडला डबे दुरुस्त करणारी इंजिनिअर, हातात पाटीएवढा पडदा.

"आलीस? डब्याचं भरीत करून पाठवलंस ते बघायला?"

"बघते ना, मावशी. या डब्यात अजून कुणाचा ठसा आहे?"

"सुनेचा आहे. कागदोपत्री. तिच्या हातात मी बैलगाडीसुद्धा द्यायची नाही."

सून प्रणाली ओट्यावर लेकीची वेणी घालत होती. लेक आठ वर्षांची, कस्तुरी. सानिकाने प्रणालीला गाडी चालवायला बसायला सांगितलं. वैजयंता मोठ्याने हसली. गियर टाकताना जिची जीभ बाहेर येते ती म्हणे गाडीची परीक्षा घेणार!

प्रणालीने किल्ली फिरवली. जीप निघाली. वीस, तीस, पन्नास. चढ चढली, वळली, परत आली. प्रणाली खाली उतरली आणि किल्ली सासूला परत देऊन, तिच्याकडे न बघता ओट्यावर जाऊन उभी राहिली.

निजामने तोंडावर फडकं धरलं. घाम पुसत होता की हसू, देव जाणे.

सानिकाने पडदा वैजयंतापुढे धरला. त्यावर दोन रेघा होत्या. "ही निळी, तुमचा नऊ वर्षांचा पाय. ही लाल, आजचा. उजवा पाय उचलायला एक तृतीयांश सेकंद उशीर होतोय. डब्याला वाटतं, गाडी दुसरंच कुणीतरी चालवतंय."

"बसून बसून पाय जड झाला असेल."

"या तीन आठवड्यांत हातातून काही पडलं का? बोलताना जीभ अडखळली?"

वैजयंताला कपबशी आठवली. उजव्या हातातून सुटली होती. तिने त्या कपाच्या कुंभाराच्या सात पिढ्या उद्धरायला घेतल्या होत्या, आणि चौथ्या पिढीपाशी शब्द सापडेना म्हणून थांबली होती.

"नाही," ती म्हणाली.

"मेंदूत बारीक शीर अडली की असं होतं. डॉक्टरला दाखवा. आज."

"इंजिनाचे डॉक्टर आता माणसाची नाडी बघायला लागले! त्यापेक्षा तुझं काम कर. हा कोरा करता येतो ना?"

पडदा खाली घेऊन सानिका म्हणाली, "येतो. मालकाचा हक्क आहे. पण नीट ऐका. कोरा डबा आजचा पाय खरा धरेल. उद्या पाय अजून जड झाला तर तोही हळूहळू शिकेल, सांभाळून घेईल. पुन्हा कधी लंगडणार नाही, म्हणजे पुन्हा कधी सांगणार नाही. तुमचा पाय काय होता, हे ठाऊक असलेलं जगात हे एकच आहे."

"दुसरे लोक काय करतात?"

"पुसून घेतात," सानिका म्हणाली. "या महिन्यात अकरा जण आले. सगळे म्हणाले, डबा बिघडलाय."

वैजयंताने कमरेची किल्ली चाचपली. ती गेली की गेलं सगळं. उद्या ही जीभ बाहेर काढणारी सून पुढे बसणार आणि आपण मागे, नऊ बायकांत दहावी. घरी जेवायला काय करायचं तेही हीच ठरवणार.

"पूस," ती म्हणाली.

तासाभरात रोपवाटिकेच्या दुसऱ्या पाळीच्या बायका जमल्या. "झाली का गं दुरुस्त? काय होतं?"

"डब्यात घाण होती. काढली," वैजयंता म्हणाली. "बसा."

कस्तुरीची घाटावर मावशी. आजीबरोबर जायचं म्हणून ती पुढच्या सीटवर केव्हाची बसली होती. प्रणाली ओट्यावरून उतरली, दार उघडलं आणि लेकीला काखेत हात घालून बाहेर काढलं. अकरा वर्षांत ती सासूपुढे पहिल्यांदा बोलली, "ही येणार नाही, आत्या."

"भित्र्याची अवलाद," वैजयंता म्हणाली आणि गियर टाकला.

बायका दाटीवाटीने बसल्या. एकीने भजन सुरू केलं. जीप लोण्यात सुरी जावी तशी निघाली, तीस, चाळीस, पन्नास. घाटाच्या पहिल्या वळणावर पाय उचलायला उशीर झाला. इंजिन अडखळलं नाही. मागे भजनाचा सूर चुकला नाही. नऊ जणींत कुणाला काही कळलं नाही, आणि डब्याने तो उशीर मुकाट शिकून घेतला.