धाकटीलाही नवरा हवा

"अहो भाऊ, दार उघडा की!"

सुतारानं सेटच्या मागून डोकं बाहेर काढलं. नव्याकोऱ्या लाकडी उताराच्या टोकाशी, चाकाच्या खुर्चीत बसलेली एक मुलगी हिरव्या दारावर टकटक करत होती.

"ते... उघडत नाही. म्हणजे ते दार नाहीच. रंगवलंय."

"आणि हा उतार?"

"तो खरा आहे. पण नुसता दिसायला. दिग्दर्शक म्हणाले, घरात खुर्चीवाली बहीण आहे तर एक उतार दिसला पाहिजे. वर जाऊन पोचायचं कुठं, ते काही बोलले नाहीत."

तिनं मागं पाहिलं. उतार एवढा अरुंद, की खुर्ची वळेना. आणि मग ती अशी खळखळून हसली, की सुतारानं रंगाचा ब्रश स्वतःच्याच शर्टाला पुसला.

"ती बहीण मीच," ती म्हणाली. "आता मी उलटी उतरते. खाली कुणी उभं नाही ना, एवढं बघा."

झालं! गडी पहिल्याच भेटीत गारद झाला. तो 'भाऊ' तेवढा बोटात कुसळ रुतावं तसा दिवसभर सलत राहिला.

दुसऱ्या दिवशी उतार रुंद झाला होता, आणि हिरव्या दाराला बिजागऱ्या आल्या होत्या. दिग्दर्शक ओरडले, "अरे, त्याच्यामागे भिंत आहे!"

"होती," सुतार म्हणाला.

सिनेमा घरगुती, प्रेमाचा आणि हसवणारा. शेवटी एकाच मांडवात पाच लग्नं. थोरलीचं जमतं, आत्याचं जमतं, आजोबांचंसुद्धा जमतं. धाकटी मात्र सगळ्यांच्या चिठ्ठ्या पोचवते, सगळ्यांची भांडणं मिटवते आणि शेवटच्या फोटोत कडेला बसून डोळे पुसते. सेटवर हिलाही सगळे धाकटीच म्हणू लागले होते, आणि रोज चहाच्या वेळी ही धाकटी दिग्दर्शकांशी भांडायची.

"कुत्र्यालासुद्धा जोडीदारीण मिळाली. माझंच घोडं कुठं अडलं?"

"अगं, तुझ्या पात्राला त्यागाची उंची आहे."

"उंची नको मला. नवरा द्या."

तिची आई रोज बरोबर यायची आणि घडीच्या खुर्चीवर विणत बसायची. तिची नजर सुईपेक्षा तीक्ष्ण. "तो सुतार बघ," ती लेकीला म्हणाली. "दिवसातून चार वेळा तुझा उतार तपासतो. हात सोन्याचे आहेत, पण बोलायचं म्हटलं की मूग गिळून बसतो."

धाकटीनं मग स्वतःच विचारलं. "अहो, तुमचं लग्न झालंय?"

सुताराला आधी ऐकू आलं ते एवढंच, की आज 'भाऊ' नव्हता.

"नाही," तो म्हणाला. "मला... बोलायला जमत नाही. मापं घ्यायला जमतं."

"मग घ्या की माप. कुणी अडवलंय?" असं म्हणून ती निघूनही गेली. त्या दुपारी त्यानं एक फळी दोनदा कापली, आणि दोन्ही वेळा ती आखूडच भरली.

आठव्या दिवशी दिग्दर्शक अर्धे नमले. धाकटीला मागणी घालणारा एक तरुण त्यांनी लिहिला. पण तिचं उत्तर होतं, 'नाही. तू दुसरी शोध. मी ताईच्या सुखात सुखी आहे.' या वाक्यावर ते स्वतःच भारी खूश होते. नेमका त्या तरुणाचं काम करणाऱ्या नटाला गांधीलमाशी चावली आणि डोळा सुजला. पण प्रसंगाचे दिवे तर लावून घ्यायचे होते, म्हणजे त्याच्या जागी कुणीतरी उभं हवं होतं.

"सुतार, तू उभा राहा तिथं. नुसतं वाचायचं."

सुतारानं कागद वाचला. जे आठ दिवस ओठांवर येत नव्हतं ते चारचौघांत म्हणायचं, आणि नकारही चारचौघांत घ्यायचा... तोही छापील!

"मी. तुझ्यावर. प्रेम. करतो," त्यानं लांबी-रुंदी सांगावी तसं वाचलं. सगळे खो-खो हसले. ती हसली नाही.

त्यानं कागदाची घडी घातली.

"तुम्ही हसलात की माझे खिळे वाकडे जातात," तो म्हणाला. "तुम्ही भांडता तेव्हा तुमच्या बाजूनं बोलावंसं वाटतं... पण तुम्हाला कुणाची गरजच पडत नाही. मग आणखीच आवडता. मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुम्ही नाही म्हणणार, ते इथं लिहिलंय. पण मला सांगायचं होतं."

दिग्दर्शक दबक्या आवाजात आठवण करून देऊ लागले, "धाकटे... 'नाही'! 'नाही' म्हण!"

"हो," ती म्हणाली.

"अगं, 'नाही' आहे तिथं!"

"कागदावर आहे. पण विचारलंय मला."

"प्रेक्षकांना पटणार नाही हे..."

"अहो साहेब," आई नाक पुसत म्हणाली, "इतके प्रेक्षक बसलोय ना आम्ही इथं? विचारा एकेकाला."

दिग्दर्शकांनी सभोवार पाहिलं. दिवेवाला बाहीनं डोळे पुसत होता. मेकअपवाली तर उघड रडत होती. त्यांनी सुस्कारा सोडला, पेन काढलं, 'नाही' खोडलं आणि वर 'हो' लिहिलं.

"पण नटाच्या डोळ्याची सूज उतरली की हे सगळं त्याच्यासमोर पुन्हा म्हणायचं," ते कुरकुरले.

सुताराचा चेहरा पडला. धाकटीनं त्याची रंग लागलेली बाही धरून त्याला जवळ ओढलं.

"त्याला खोटं 'हो' देईन," ती हळूच म्हणाली. "खरं एकच होतं... ते देऊन झालं."