मंगळवारची कोरी बाटली

प्रेमकथेत नायकाच्या हातात फूल असतं. पनवेलच्या प्रयोगशाळेच्या जिन्यात प्रणित कोळी शोशाना पनवेलकरवर आदळला, तेव्हा त्याच्या हातात थर्माकोलची पेटी होती आणि पेटीत मोरा बंदराच्या बारा कोळणींची लघवी.

"लागलं नाय ना?"

"मला विचारताय की बाटल्यांना?"

"बाटल्यांना... तुमालापण."

नमुने गोळा करायचे त्यानं, आकडेमोड करायची तिनं. कंटेनरच्या ट्रकांचा धूर, होडीचा रंग, डासांची अगरबत्ती — एकेकट्यानं काहीच सिद्ध होत नाही. पण सगळं मिळून अंगात काय करतं, आणि कोळणींच्या खोकल्यात कुणाचा वाटा किती, हे ती शोधत होती. इतर दिवशी पेटी तिचा सहकारी हितेश उतरवून घ्यायचा, मंगळवारी ती. पेटी देता देता प्रणित बोंबलांच्या, भरतीच्या, आईच्या शिव्यांच्या गोष्टी सांगायचा. बुधवारपासून तिला पुढच्या मंगळवारची उगाचच घाई व्हायची.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. खोकल्यात सर्वांत मोठा वाटा सेंटातल्या एका रसायनाचा! कोळणी आणि सेंट?

तिनं कोऱ्या बाटल्या काढल्या. दर फेरीत एक बाटली नुसत्या शुद्ध पाण्याची असते. आपल्याच हातांचं काही नमुन्यांत शिरलं, तर ती चुगली करते. सगळे वार स्वच्छ होते. मंगळवार तेवढा घमघमत होता.

"प्रणित, मंगळवारी सेंट मारता?"

त्याचे कान लाल झाले. "थोडासा..."

"बाटल्या भरायच्या आधी?"

"हां. हितेशच्या दिवशी नाय मारत. त्याच्यासाठी कशाला?"

तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. हे लिहिलं तर याची नोकरी जाणार. दडवलं तर सगळा दोष सेंटाला, आणि धूर मोकळा.

"लिवा मॅडम," तो हळूच म्हणाला. "त्या बारा जणींत माजी आय हाय. तिच्या खोकल्याचं खरं कारण सापडू दे."

तिनं अहवालात लिहिलं. मंगळवारचे सगळे नमुने बाद, नव्याने घ्यावे लागतील. 'दोष कोणाचा' या रकान्यापाशी मात्र ती थबकली. मग सवयीनं वाटे पाडले, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

सेंट लावणारा : प्रणित, निम्मा.

ज्यांच्यासाठी लावलं त्या : शोशाना, निम्मा.

"हे... साहेब वाचतील ना, मॅडम?"

"वाचू देत. आणि मॅडम नको आता. मंगळवारी मीच येते मोऱ्याला." ती पेनचं टोपण लावत म्हणाली, "बोंबलाचा वास चालेल मला."